काच फुटली नाही, मॅडम

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण नाव कुठं टाकू नका असं तुम्हीच बजावलं होतं. पण तुम्ही आमचा जुना वाडा पडण्यापासून वाचवला, त्याचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत. फोनवर मानायला गेलो तर माझा आवाज भरून आला आणि तुम्ही "अहो दादा, राहू द्या, काकूंना फोन द्या" म्हणून मोकळ्या झाल्या. दुसरं कारण असं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, अजून कितीतरी गावांत आमच्यासारखे जुने वाडे उभे आहेत आणि त्यांच्या मालकांना रोज कोणी ना कोणी सांगत असतं की पाडून टाक, मोकळा हो. त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

२०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला जो पूर आला तो ब्रह्मपुरी तालुक्यातला कोणीच माणूस विसरणार नाही. गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडलं आणि नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात गेली, उभं धान गेलं, ढोरं गेली. आमच्या वाड्याच्या चौकात पाणी शिरलं, ढोलीतलं (धान्याच्या कोठीतलं) धान भिजलं आणि पाणी उतरल्यावर माजघराच्या मागच्या भिंतीत माळ्यापासून जोत्यापर्यंत भेग दिसली, करंगळी जाईल एवढी.

त्यानंतर जे जे आले त्यांच्याबद्दल थोडं लिहितोच, कारण ते मनातून जात नाही. पहिले एक इंजिनिअर साहेब आले, ते देवडीच्या आतही नीट आले नाही, तिथूनच भिंत पाहिली आणि म्हणाले मातीचं काम आहे, धोकादायक आहे, पाडा आणि स्लॅबचं बांधा. एका कार्यालयात गेलो तर म्हणे खाजगी मालमत्ता आहे, आमचा काय संबंध. दुसरीकडे म्हणे किती जुना आहे त्याचा पुरावा आणा, मग बघू. लाकडाचे व्यापारी मात्र न बोलावता आले, त्यातल्या एकानं तर माझ्यासमोर प्रत्येक खांबावर बोटांनी ठोकून पाहिलं आणि तिथंच भाव सांगितला. भेगेकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. मग शहरातून फोटोवाले आले, ड्रोन उडवला, दिवसभर आमच्या बंगईवर (झोपाळ्यावर) बसून शूटिंग केलं, वारसा जपला पाहिजे म्हणाले आणि गेले, नंतर फोन उचलला नाही. आणि या सगळ्यांत एकही माणूस असा नव्हता की ज्यानं माझ्या आईशी दोन शब्द धड बोलावे, जी बाई या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून दर वर्षी या भिंती सारवते आहे. नातेवाईक तर तिलाच हट्टी म्हणायला लागले होते. तिनं माजघरात झोपणं सोडलं होतं, ओसरीवर दाराजवळ अंथरूण टाकायची, पाऊस आला की उठून बसायची.

कायद्याचंही सांगतो, कारण लोक विचारतात सरकार काही करत नाही का. १९५८ चा केंद्राचा कायदा आहे, १९६० चा राज्याचा आहे, पण ते संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झालेल्या किल्ल्यांसाठी, देवळांसाठी, लेण्यांसाठी. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजची नियमावली आहे, नागपूर शहराची यादी आहे. पण ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं मातीचं, कवेलूचं (कौलारू), माणसं राहतात असं घर कोणत्या यादीत बसवायचं? ते कुठंच बसत नाही. म्हणून अशा घरांचं जे काही होतं ते त्या घरात कोण माणूस पाऊल ठेवतो यावर ठरतं, आणि आमच्याकडे नशिबानं तुम्ही आल्या.

तुम्ही आल्या तेव्हा पुढचा पावसाळा तोंडावर होता. भिंतीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मला काही न विचारता आईकडे वळून म्हणाल्या, "काकू, ही भेग पुराच्या आधी होती का हो?" आई म्हणाली, होती ना, बारीक होती, मी आली तवापासून पाहतो, सारवताना बुजवतो. आणि मग म्हणाली, "पण मले कोणी पुसलंच नाई." आमच्या घरातल्या सगळ्यांच्या समोर म्हणाली ती.

मग तुम्ही बॅगेतून काचेच्या पातळ पट्ट्या काढल्या, भेगेवर आडव्या धरून दोन्ही टोकांना पीओपी लावून वर, मधे, खाली अशा बसवल्या आणि प्रत्येकीच्या शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. आईला म्हणाल्या, "काकू, भिंत केसभर जरी सरकली तरी ही काच तडकेल. दर सोमवारी बघायचं आणि मला सांगायचं. हे काम तुमचं." आणि ती पेन्सिल आईच्या हातात दिली. मला नाही दिली, माझ्या भावालाही नाही, शाळेत मास्तर असलेले आमचे काका तिथं उभे होते त्यांनाही नाही. चौथी शिकलेल्या माझ्या आईला दिली.

मॅडम, नंतर तुम्ही आमच्यासाठी खूप केलं, नकाशे काढले, माणसं शोधून दिली, किती ठिकाणी शब्द टाकला ते मला पूर्ण माहीतही नसेल. पण त्या पेन्सिलीचं मोल वेगळं आहे. तो अख्खा पावसाळा आई दर सोमवारी अंघोळ झाली की टॉर्च घेऊन भिंतीपाशी जायची, तिन्ही काचा बघायची, बोट फिरवायची, कॅलेंडरवर खूण करायची आणि तुम्हाला फोन लावायची. "बाई, काच तं जशीच्या तशी हाये." एवढंच. आणि एखाद्या सोमवारी तिचा फोन नाही गेला तर संध्याकाळी तुमचा यायचा, माझ्या नंबरवर नाही, आईच्या त्या बटणाच्या मोबाइलवर, "काकू, काच कशी आहे?" माझ्या डोळ्यांसमोर माझी म्हातारी आई त्या भिंतीला घाबरायची हळूहळू बंद झाली. पोळ्याच्या आधी तिनं आपली खाट स्वतः ओढत माजघरात नेली. आम्ही कोणी तिला सांगितलं नव्हतं. तुमचा रिपोर्ट त्यानंतर आला, की भेग जुनी आहे, दोन वेगळ्या वेळी बांधलेल्या भिंतींचा जोड पुरानं उघडला आहे, भिंत सरकत नाही, जोड बांधून घेतला की पुरे. आईला ते आधीच कळलं होतं.

आणि खरा रोग कुठं होता तेही तुम्ही दाखवलं. एका ठेकेदारानं पक्कं होईल म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून ठेवला होता, आणि समोरचा रस्ता दर वेळी जुन्याच्या डोक्यावर नवा टाकत टाकत आमच्या जोत्याच्या वर गेला होता, म्हणजे गावभरचं पाणी आमच्या भिंतीच्या पायात. मातीची भिंत ओल घेते तशी सोडतेही, पण सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल आतच राहते, वर चढते, लोणा (खाराचा थर) धरतो, आणि भिंतीत रोवलेल्या लाकडाची टोकं कुजतात, मागोमाग उधई (वाळवी) येते. आईला समजावताना तुम्ही म्हणाल्या होत्या की रेनकोट घालून उन्हात बसवलेल्या माणसासारखं झालं आहे हिचं. आता गावात लोक स्वतःच्या घराबद्दलही हेच बोलतात. सिमेंट काढलं, बाहेरून नाली केली, चुना भिजवून मुरवून त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून गिलावा केला, आणि पुढच्या दोन खांबांचा खालचा कुजलेला भाग तेवढाच कापून जुन्या सागवानाचा जोड दिला. अख्खा खांब बदला असं सगळे सांगत होते. आमच्याच गावच्या सुतारानं तो जोड असा बसवला आहे की बोट फिरवलं तरी लागत नाही, त्यांचेही इथं मनापासून आभार.

पण तुमच्या ज्या गोष्टीवर घरात वाद झाला त्याबद्दलही मला लिहायचं आहे. आमच्याकडे येणारे सगळे नक्षी शोधायचे. आमच्या वाड्यात नक्षी फार नाही, देवघराच्या चौकटीला थोडी आहे. तुम्ही विचारलं की इथं कोण कुठं बसायचं. तेव्हा काकांनी सांगितलं की ओसरीच्या उजव्या अंगाला तलावाच्या पाण्याची बैठक व्हायची, कोणत्या बांधीला (धानाच्या शेताला) पाणी कधी, तुडूम (तलावाचं पाणी सोडायचं दार) कधी उघडायचं, पाळ (तलावाचा बांध) फुटली तर कोणत्या घरातून किती माणूस, सगळं तिथं ठरायचं. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, नवेगाव बांध बांधणारे कोलू पाटील कोहळी सगळ्यांना माहीत असतात, पण गावोगावचे लहान तलाव कसे चालायचे ते कुठं लिहिलेलं फारसं सापडत नाही. मग १९५० चा कायदा आला, तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, १९५१ ला मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या आमच्यासारख्या घराण्यांची मालकी, संपली, तलाव सरकारचे झाले, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात ते म्हणजे हेच माजी मालगुजारी. तलावाची पाळ तिकडे राहिली आणि त्याचा हिशोब इकडे आमच्या बळदात (धान्याच्या कोठारात), कापडात बांधलेल्या वह्यांमध्ये. तुम्ही त्या वह्या पाहून म्हणाल्या, या घराचं महत्त्व हे आहे, हे गावाच्या पाण्याचं दप्तर आहे. आमच्या घरात इतक्या पिढ्या गेल्या, पण ही गोष्ट अशी सरळ कोणी सांगितली नव्हती.

वाद झाला तो तुमच्या नोंदींच्या पुढच्या पानावरून. तुम्ही गावातल्या एका आजोबांना बोलावलं, ओसरीवर आपल्या शेजारी बसवलं आणि विचारलं. त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजानं या वाड्याच्या भिंतीसाठी माती तुडवली, वेठीनं तुडवली, पैसा मिळाला नाही, आणि वाडा झाल्यावर त्याला देवडीच्या पुढं येता येत नव्हतं. तुम्ही ते जसंच्या तसं लिहिलं, तेही वारसा म्हणून लिहिलं. आमच्या काही नातेवाईकांना ते आवडलं नाही, घराण्याची बदनामी कशाला म्हणाले. मला ते योग्यच वाटतं आणि मी त्यांना तसं सांगितलं आहे. ज्यांनी बांधलं त्यांना वगळून फक्त आमच्या पूर्वजांच्या पगड्यांचं कौतुक करायचं असेल तर ते अर्धंच घर झालं. आणि त्याचा परिणामही बघा, जे लोक म्हणायचे मालगुजाराचा वाडा आहे, पडला तर पडू द्या, त्यांच्यातलेच पोरं नंतर कवेलू फेरायला वर चढले, मजुरी घेऊन, जेवून, हसत खेळत. ते आजोबाही येतात आता, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) दिवशी दंडार, आमच्याकडचं लोकनाट्य, चौकात झाली तेव्हा ते ओसरीवर खुर्चीत बसले होते.

तुमच्यासारखी माणसं ज्ञानानं मोठी असतात म्हणून आम्हाला आवडतात असं नाही. डिग्र्या इंजिनिअर साहेबांकडेही होत्या. फरक हा की तुम्ही आधी विचारता. ज्याचं घर आहे त्याला विचारता, जिनं भिंत सारवली तिला विचारता, ज्याला आत येऊ दिलं नाही त्याच्या नातवाला विचारता. हे करायला पैसा लागत नाही, सरकारी शिक्का लागत नाही. तरी किती कमी लोक करतात! दवाखान्यात, तहसिलात, बँकेत, कुठंही जा, आपल्यासारख्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी नजर वर करून "तुम्ही सांगा" म्हटलं तर तो माणूस तो दिवस विसरत नाही. असे लोक अजून आहेत, मी पाहिले आहेत, एस.टी.त जागा देणारे आहेत, पुरात स्वतःचं घर सोडून दुसऱ्याची ढोरं सोडवणारे आमच्याच गावात निघाले. त्यांच्याबद्दल लिहिलं जात नाही म्हणून वाटतं की नाहीत.

काचा अजून भिंतीवरच आहेत. सुतार म्हणाले आता काढून टाकू, काम झालं, आई काढू देत नाही. सोमवार अजून सुरू आहे.

एक विनंती आहे. नागभीडकडे आमच्या ओळखीच्यांचा एक वाडा आहे, आमच्यापेक्षा लहान, पण त्याच्या चौकातली विहीर आणि वरचा कडीपाट बघण्यासारखा आहे. त्यांच्याकडेही लाकडाचे व्यापारी चकरा मारताहेत आणि मुलगा पुण्याला आहे, घरात म्हातारी दोघंच. तुमचा नंबर देऊ का त्यांना? तुम्ही हो म्हणाल्या की देतो. येताना आधी आमच्याकडे उतरा, इथूनच सोबत जाऊ, आईनं नव्या तांदळाचं सांगून ठेवलं आहे.

तुमचा,
वाड्यातला मोठा मुलगा
(आणि आईचा आशीर्वाद, तिनं मुद्दाम लिहायला सांगितला)