बिस्किटांत इसेन्स कशाला?

संपादक महोदय,

नाताळच्या पुरवण्यांत बिस्किटांच्या पाककृती येतात, पण संत्र्याच्या चवीला दरवेळी इसेन्सच! इथे लक्ष्मीपुरीच्या बाजारात नागपुरी संत्र्यांचे ढीग लागलेत की. संत्रं न सोलता, अख्खंच बारीक किसणीवर फिरवा. फक्त केशरी साल घ्यायची, पांढरं आलं की कडवटपणा आलाच. तो कीस साखरेत बोटांनी चोळला, की साखर ओलसर होते आणि वास शेजारपर्यंत जातो. पुढे शॉर्टब्रेडचं, म्हणजे लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटांचं, जुनं स्कॉटिश माप: साखर एक, लोणी दोन, मैदा तीन भाग. अंडं नाही, सोडा नाही. (सासूबाईंनी वेलदोडा सुचवला; मी ऐकलं नाही.) ओव्हन नसेल तर ट्रे बेकरीत द्यावा, पण भट्टी जरा उतरल्यावरच घाला म्हणून बजावावं, नाहीतर कडा करपतात. एवढं एकदा छापा की!

– एक गृहिणी, मंगळवार पेठ, कोल्हापूर