समोरची कड बघायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

टांकसाळीत चूक झाल्यासारख्या दिसणाऱ्या माझ्या तीन नाण्यांसाठी तुम्ही एवढा वेळ दिलात, त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे खुलं पत्र. तुम्ही समजावलेलं इतर संग्राहकांच्याही उपयोगी पडेल.

पहिलं नाणं कडेला चंद्रकोरीसारखं खाल्लेलं होतं. कुणीतरी कानस मारली आहे, असं दोघांनी सांगितल्यावर मी ते संग्रहातून काढून टाकणार होते. तुम्ही आधी वजन करायला लावलंत. ते कमी भरलं, पण कानशीनेही वजन घटतंच. मग तुम्ही म्हणालात, "खाचेकडे नको, तिच्या बरोबर समोरची कड बघ."

भिंग धरलं. बाकी सगळीकडे ठसठशीत असलेली कडेची उंच किनार नेमकी तेवढ्याच जागी सपाट झाली होती. नाण्यांच्या चकत्या धातूच्या पत्र्यातून कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, की कापणारा पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती कोर पडलेलीच बाहेर येते. पुढे किनार उठवणाऱ्या यंत्रात चकती दोन्हीकडून दाबली जाते. खाचेपाशी दाब घ्यायला धातूच नसतो, त्यामुळे समोरची किनारही नीट उठत नाही. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात, हे तुमच्याकडून कळलं. खऱ्या क्लिपवर, म्हणजे टांकसाळीतच अशी कोर पडलेल्या नाण्यावर, तो दर वेळी दिसेलच असं नाही, हेही तुम्ही लगेच बजावलंत. म्हणून आपण खाचेजवळची अक्षरं पाहिली. ती निमुळती होत खाचेकडे ओढली गेली होती. कानशीने अक्षर मधेच कापलं गेलं असतं. ते नाणं माझ्याकडे राहिलं ते केवळ तुमच्यामुळे.

दुसऱ्या नाण्यावर सालाचे आकडे दुहेरी दिसत होते. तो डबल डाय असावा, अशी माझी फार आशा होती. डाय म्हणजे नाण्यावर छाप उठवणारा साचा. तो घडवताना मूळ ठसा त्यावर एकापेक्षा जास्त वेळा दाबताना जरा फिरला, की डायवरच दोन प्रतिमा उमटतात आणि त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर येतात. अमेरिकेच्या 1955 च्या काही एक सेंट नाण्यांवर हे दुहेरीपण नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तिथे दोन्ही प्रतिमा भरीव असतात, अक्षरांचे कोपरे दुभंगलेले असतात. माझ्या नाण्यावरची दुसरी रेघ मात्र चपटी होती, पायरीसारखी, आणि मूळ आकडा तेवढाच बारीक झाला होता. म्हणजे ठोका बसता बसता डाय किंचित हलला होता. मशीन डबलिंग, संग्राहकांच्या लेखी त्याला फारशी किंमत नाही. तुम्ही हे सरळ सांगितलंत, आशेवर ठेवलं नाहीत. मला वाईट वाटलं, आणि तुमच्यावरचा विश्वास त्याच क्षणी पक्का झाला.

तिसरं पटकन सुटलं. कडेला बिनअक्षरांचा उंच गोळा, म्हणजे डायचा तुकडाच उडालेला. इंग्रजीत ज्याला 'कड' (cud) म्हणतात, तो हाच; आपली कड, म्हणजे किनार, ती वेगळी.

तेव्हापासून कुठलंही विचित्र नाणं हातात आलं की तुमचा प्रश्न आधी विचारते: हे कधी घडलं? चकती तयार होताना, डायमध्ये, ठोका बसताना, की टांकसाळीबाहेर पडल्यावर? नावं नंतर. उठावाची रेघ बहुधा डायला गेलेल्या तड्याची आणि खोल ओरखडा बहुधा नंतरचा, एवढ्या एका खुणेवर माझी निम्मी पाकिटं पुन्हा लावावी लागली. सगळ्यात जाड गठ्ठा चौथ्या प्रकारचा निघाला आहे.

त्यात एक नाणं मी बाजूला ठेवलंय. एका बाजूला नेहमीची छाप, दुसऱ्या बाजूला तीच छाप खोलगट आणि उलटी, आरशात पाहावी तशी. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं असेल तर हे ब्रोकेज. दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात दाबली तरी असं होऊ शकतं, पण मग सरळ बाजूची नक्षी चेपायला हवी. मला ती चेपलेली दिसत नाही. वजन केलं आहे, पूर्ण भरतं. तुम्हाला सवड असेल तेव्हा घेऊन येते.

तुमची ऋणी,
एक संग्राहक