स्पीकरच्या परीक्षणात खोलीची मापंही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या खोलीसाठी उंची वायरलेस स्पीकर कसा निवडावा, यावर पानभर मजकूर होता. कोष्टक झकास होतं. वॅट, वजन, रंग, बॅटरीचे तास, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. नव्हती ती फक्त खोली. स्पीकर ऐकला ती खोली केवढी, भिंतीपासून तो किती लांब ठेवला होता, ऐकणारा कुठे बसला होता, याचा कुठे उल्लेखच नाही. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एकक न लिहिता उत्तर देणाऱ्याचा अर्धा गुण कापायचो. ती खोड अजून गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आम्हीही असाच एक महागडा स्पीकर घेतला. दुकानात तो ऐकून मी आणि पत्नी दोघंही गप्प झालो होतो. घरी आणून शोकेसवर, दोन भिंतींच्या बेचक्यात बसवला आणि तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. षड्ज (सा) असा घुमायला लागला की पंचम (प) कुठे गेला ते कळेना. बातम्या सांगणारी बाई ठीक वाटायची, पण पुरुष निवेदक रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटे. ‘ऐकवला एक आणि दिला दुसराच,’ असं पत्नीचं ठाम मत पडलं. परत करायचं ठरलं, माळ्यावरून खोकाही काढला.

मग मला राहवेना. टेप घेऊन खोली मोजली. लांबी ४ मीटर, रुंदी ३ मीटर. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, तो सूर तिथेच अडकतो आणि फुगतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचंही तेच. आमच्या खोलीच्या लांबीला हे आकडे येतात साधारण ४३, ८६ आणि १२९ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. आणि पेटीच्या पांढरी एक या पट्टीला लावलेल्या मर्दानी तंबोऱ्याच्या जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, तारा वाजतात १३१ हर्ट्झच्या जवळ! म्हणजे स्पीकर बिचारा सरळ गात होता, त्याला साथ आमच्या भिंती करत होत्या. त्यातून कोपरा ही अशी जागा, की तिथून खोलीचे असले सगळेच सूर जास्तीत जास्त चेततात. माझी खुर्चीही मागच्या भिंतीला टेकलेली, जिथे ते सर्वांत जोरात ऐकू येतात. जागा निवडण्यात आम्ही काहीच कसर ठेवली नव्हती.

स्पीकर बाजूच्या भिंतीपासून पाऊण मीटर सरकवून कानाच्या उंचीच्या स्टुलावर ठेवला, खुर्ची हातभर पुढे ओढली. पंचम परत आला. खोका पुन्हा माळ्यावर गेला.

हल्लीच्या बऱ्याच उंची स्पीकरांत मायक्रोफोन असतो आणि तो खोलीचा अंदाज घेऊन आवाज जुळवून घेतो. आमच्यातही आहे, आणि उपयोगाचा आहे. पण फुगलेला सूर दाबणं त्याला जमतं; खोलीत ज्या जागी एखादा सूर मुळात मरतोच, तिथे कितीही जोर लावला तरी तो भरून निघत नाही. तेव्हा आधी जागा, मग ही आपोआप जुळवणी.

वॅटबद्दल आपल्या लेखकानं फारच भक्तिभावानं लिहिलंय. ६० वॅटचे १२० केले तर वाढ होते अवघी ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती जवळपास दहापट लागते. ‘हाय-रेझ’च्या, म्हणजे जास्त बारकाव्याच्या आवाजाची ग्वाही देणाऱ्या, सोनेरी चिकटपट्टीचंही असंच. ४० किलोहर्ट्झपर्यंतचे सूर वटवाघळानं ऐकावेत. माणसाची हद्द २० आणि माझ्या सहासष्ट वर्षांच्या कानांची त्याहून बरीच अलीकडे.

दुकानात आणखी एक फसगत होते. तिथे स्पीकर मोठ्यानं वाजवतात. आवाज कमी केला की आपल्या कानांना खर्ज सगळ्यात आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे आलेखांनिशी दाखवून दिलं. रात्री शेजाऱ्यांची झोप न मोडता जेवढ्या आवाजात ऐकणार, तेवढ्याच आवाजात दुकानात ऐकावं. विक्रेता चुळबुळतो. चुळबुळू द्यावा.

एक घ्यावा की जोडी, हे ऐकणारा बसतो की फिरतो यावर ठरतं. डावं-उजवं नीट उलगडायला दोन पेट्या एकमेकींपासून लांब हव्यात आणि आपण दोघींच्या मधोमध. मी तसा बसतो. पत्नी खोलीभर वावरत ऐकते. बहुमत नव्हतं, तरी एकच आला.

वाय-फाय की ब्लूटूथ यावर मी वाद घालणार नाही. वाय-फायवरून सीडीच्या तोडीचा आवाज काटछाट न होता येऊ शकतो, ब्लूटूथवर तो बहुधा दाबूनच येतो. पाहुण्याच्या फोनला मात्र ब्लूटूथच बरं. मी हट्टानं पाहिलं ते मागे गाणं वायरनं जोडायचं भोक आहे की नाही. कारण आमचा आधीचा स्पीकर. सात वर्षं वापरला, पडद्याला चीर नाही, आवाजात खरखर नाही. एके दिवशी फोनमधलं ॲप नवं झालं आणि त्याला हा स्पीकर दिसेनासा झाला. कंपनीचं उत्तर आलं की या मॉडेलला आता अपडेट मिळत नाहीत. त्याला वायरची सोय नव्हती. लोहचुंबक शाबूत, लाकूड शाबूत, आणि स्पीकर मुका. सध्या त्यावर कुंडी आहे.

नेटला जोडता येणाऱ्या उपकरणाला सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील, हे सांगणं ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून उत्पादकाला बंधनकारक आहे. कायदा करणं आपल्या हातात नाही, कोष्टक आहे. पुढच्या वेळी त्यातला रंगांचा रकाना काढून तीन रकाने घाला: परीक्षणाच्या खोलीची लांबी-रुंदी, भिंतीपासूनचं अंतर आणि अपडेट कोणत्या सालापर्यंत. कंपनीनं तिसऱ्याचं उत्तर दिलं नाही तर रकाना कोरा ठेवा, पण छापा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक