ट्रंकेतले एक्स-रे पाठवा

भांडुप, मुंबई

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या पायाचा विषय काढला की आईचा गळा दाटतो, मग बाबा फोन घेतात आणि "बरं, बघू" म्हणून ठेवून देतात. दोनदा असंच झालं. म्हणून पत्र लिहितेय. आई, बाबांना मोठ्याने वाचायला सांग आणि मध्येच चुलीकडे उठून जाऊ नकोस.

आखूड राहिलेल्या डाव्या पायाचं ऑपरेशन करायचं मी ठरवलंय. दिवाळी झाली की लगेच. मांडीचं हाड साडेचार सेंटीमीटरने वाढवून घ्यायचं.

आई, तू पहिलं विचारशील, कुठलं स्थळ आलंय का, कोणी काही बोललं का. नाही गं. पाहुणे यायच्या आधीच तू मला खुर्चीत बसवून ठेवायचीस, पोह्यांच्या बश्या स्वतः फिरवायचीस, मी चालताना दिसू नये म्हणून. तेव्हा मला फार राग यायचा. आता कळतं की तुझाही जीव तेव्हा टांगणीला लागलेला असायचा. पण हे ऑपरेशन त्यासाठी नाही. गेलं दीड वर्ष माझी कंबर रात्रीची झोपू देत नाही. हाजीअलीच्या अपंग पुनर्वसन केंद्रात बुटाला टाच चढवून घेतली होती, ती रस्त्यावर आणि ऑफिसात चालते. पण घरात, मोरीत, ओट्यापाशी, देवळात बूट कुठला? तिथे मी बावीस वर्षं डाव्या चवड्यावर उभी आहे. कमरेचं हाड एका बाजूला कललंय, पाठीचा कणा त्याला सावरायला वाकलाय आणि चांगला म्हणायचा तो उजवा गुडघाही आता दादरचा जिना चढताना बोलायला लागलाय. दोन सेंटीमीटरपर्यंतचा फरक असता तर डॉक्टरांनी बुटावरच भागवलं असतं. माझा त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

बाबा, आता जे लिहितेय ते तुमच्यासाठी.

२००३च्या मे महिन्यात मी पोटमाळ्याच्या शिडीवरून पडले, तुम्ही मला पाठुंगळी घेऊन हाडवैद्याकडे धावलात. लेप, बांबूच्या कामट्या, तीन आठवडे. मग हॉस्पिटल. त्यानंतर त्या दिवसाबद्दल तुम्ही घरात एक शब्द बोलला नाहीत. माझ्या बुटाकडे मात्र तुम्ही कसे बघता ते मी लहानपणापासून पाहत आलेय. या वेळी मी डॉक्टरांना सरळ विचारलं, त्याच दिवशी हॉस्पिटलात नेलं असतं तर पाय वाढला असता का? त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, गुडघ्याच्या जरा वर, मऊ कुर्चेची एक चकती असते. पायाची सगळ्यात जास्त वाढ तिथूनच होते, वर्षाला जवळजवळ एक सेंटीमीटर. मुलींमध्ये ती साधारण चौदाव्या वर्षी थांबते. माझी चकती नवव्या वर्षी चेचली गेली. पाच वर्षांची वाढ गेली, तेच हे साडेचार सेंटीमीटर. आणि ते म्हणाले की या जागेची चकती दुखावली तर त्याच दिवशी प्लास्टर घातलेल्या, तारा घालून नीट बसवलेल्या मुलांचीसुद्धा वाढ पुष्कळदा थांबते. म्हणजे माझं काय झालं असतं हे कोणीच सांगू शकत नाही. बाबा, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. माझ्या मनात तुमच्याबद्दल कधीही काही नव्हतं. तुम्ही मला पाठीवर घेऊन पळत होतात, एवढंच मला आठवतं.

आता ऑपरेशनचं. मांडीचं हाड एका जागी अलगद कापतात, आतला मज्जेचा भाग आणि वरचं आवरण जपून. बाहेरच्या बाजूने हाडात जाड स्क्रू घालून त्यांना एक लांब पट्टी जोडतात. तिला इथे सगळे 'रेल' म्हणतात. पहिला आठवडाभर काहीच करायचं नाही. कापलेल्या जागी नवं हाड धरायला लागलं की पट्टीवरचा स्क्रू चावीने दिवसातून चार वेळा, दर खेपेला पाव वेढा फिरवायचा. पाव वेढ्याला पाव मिलिमीटर, दिवसाला एक मिलिमीटर. घाई केली तर मधे पोकळी राहते, रेंगाळलं तर हाड आधीच जुळून बसतं. पंचेचाळीस दिवसांत लांबी मिळते, पण ते नवं हाड कच्चं असतं. ते भरून घट्ट व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. तोवर रेल मांडीवरच राहणार, म्हणजे पाच-सहा महिने धरून चाला.

ही युक्ती सायबेरियातल्या कुर्गान गावच्या गाव्रील इलिझारोव्ह या डॉक्टरांची. त्यांनी १९५०च्या दशकात गोल कड्या आणि तारा वापरून ती बसवली. बाबा, तुम्ही पेपरातलं खेळाचं पान आधी वाचता म्हणून सांगते: १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवणारा वालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात पाय मोडून बसला. कितीतरी ऑपरेशनं झाली, पाय काही जुळेना. तो शेवटी इलिझारोव्हांनी जुळवला आणि ब्रुमेल पुन्हा उडी मारायला मैदानात उतरला.

दुखणार, हे लपवत नाही. हाड वाढतं, पण स्नायू, शिरा, नसा ओढल्या जातात. मांडीच्या बाबतीत गुडघा आखडण्याची भीती सगळ्यात मोठी, म्हणून रडत का होईना, रोज गुडघा वाकवायचा. स्क्रूभोवतीची कातडी रोज साफ करायची, नाहीतर तिथे पू होतो. कधी हाड भरायला उशीर लागतो, कधी दुसरं ऑपरेशन लागतं. हे सगळं ऐकून, दोन महिने विचार करून मी हो म्हटलंय.

ओपीडीत शेजारी एक मुलगा बसला होता, चोवीस-पंचवीसचा, कल्याणचा. दोन्ही पाय धडधाकट. उंची पाच फूट चार इंच. उंचीवरून दोन मुलींकडून नकार आला म्हणून त्याला दोन्ही पाय तीन इंचांनी वाढवून घ्यायचे होते. चांगली हाडं मुद्दाम तोडायची, वर्षभर नोकरी नाही, चालणं नाही. चीनमध्ये नुसत्या उंचीसाठी हे ऑपरेशन करायला २००६ सालीच बंदी घातली. मी त्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही का करताय हे तुम्हाला कोणी विचारणार नाही." मला उत्तर सुचलं नाही. पोह्यांच्या वेळची खुर्ची मला माहीत आहे, त्याचं दुःख खोटं कसं म्हणू? तरी मला वाटतं की त्याने हे करू नये. उंचीवरून नाही म्हणणाऱ्या माणसांसाठी धडके पाय पणाला लावू नयेत. घरी सांगितलंयस का विचारलं, तर मान हलवली, नाही. २०१६ साली हैदराबादला एका मुलाने असंच घरी न सांगता केलं होतं. आई-वडिलांनी पोरगा हरवला म्हणून शोधाशोध केली आणि तो त्यांना हॉस्पिटलच्या खाटेवर सापडला. मी त्या मुलाला म्हटलं, आधी आईला सांग, मग काय ते ठरव. आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं. फोनवर सांगता येईना म्हणून तुम्हालाही मी ऑपरेशन झाल्यावरच सांगणार होते.

पैशाची काळजी करू नका. नुसत्या उंचीसाठी असतं तर विम्याने हात वर केले असते, माझं दुखापतीचं आहे. मात्र त्यांना जुने कागद हवेत. बाबा, लालबागची खोली सोडताना तुम्ही माझे एक्स-रे आणि डिस्चार्जचा कागद निळ्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला होतात. ती पिशवी दादाबरोबर पाठवा. घडी घालू नका, पुठ्ठ्यात ठेवा.

पहिले पंधरा दिवस दादा-वहिनी माझ्याजवळ आहेत. आई, तू तेव्हा आलीस तर माझ्याआधी तुलाच सलाईन लावावं लागेल, म्हणून तिसऱ्या आठवड्यात ये. आमची लिफ्ट चालू आहे. येताना कुळथाचं पीठ आण.

बाबा, तुम्हीही या. चावी फिरवायच्या वेळा सहा, बारा, सहा, बारा. चाळीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला दर रविवारी चावी तुम्हीच द्यायचात, कधी चुकला नाहीत. वहिनीला पहाटे उठून पुन्हा डबे करायचे असतात. रात्री बाराची खेप तुमच्याकडे ठेवलीय.

तुमची,
बाय