अठरा पूर्ण होण्याआधीचे कागद

बेळगाव,
ता. ४ जून

प्रिय सुरेश,

तुझं पत्र कालच मिळालं. त्या दोघांच्या पाठीशी उभं राहायचं तू कबूल केलंस, फार बरं वाटलं. बालगृहातल्या पोरीला नोव्हेंबरात अठरा पूर्ण होणार आणि आजीकडे वाढलेला पोरगा यंदा दहावीला. त्यांना कुठल्या योजनेत बसवायचं, असं तू विचारतोस. योजना मागनं बघू. आधी दोघांचे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांड आणि नावं अक्षर न् अक्षर ताडून बघ. आपल्याकडे गाडी अडते ती तिथंच.

पोराचंच घे. मराठी शाळेच्या दाखल्यावर त्याचं, वडिलांचं आणि आडनाव असं तिहेरी नाव असणार. बँकेत नुसतं नाव आणि आडनाव. रेशनकार्डावर वडिलांचं एकच आद्याक्षर. त्यातून 'चव्हाण' हे आडनाव आधी कन्नडात जातं, तिथनं इंग्रजीत येतं, आणि एका कागदावर मधे 'व्ही' पडतो, दुसऱ्यावर 'डब्ल्यू'. माणसाला हे एकच नाव वाटतं, पण संगणकाला ती दोन माणसं. शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो आणि का आला ते घरात कुणालाच कळत नाही.

म्हणून पाया दहावीच्या गुणपत्रिकेचा धर. परीक्षेची नोंदणी सॅट्समधल्या, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी संगणक यंत्रणेतल्या, माहितीवरनं होते, तेव्हा नाव आणि जन्मतारीख आत्ता, शाळेतच नीट करून घे. एकदा गुणपत्रिका छापून आली की पुढची दुरुस्ती बोर्डाच्या दारात जाते आणि वर्ष त्यातच सरतं. मग आधार त्या नावाला जुळवायचं. उलटं करू नको. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईनं एक संधी घालवली की पुढं पंचाईत होते. त्याच फेरीत बोटांचे ठसे नव्यानं देऊन ये. वयाची पंधरा वर्षं झाली की ते द्यावेच लागतात आणि पंधरा ते सतरा या वयात पैसे पडत नाहीत. लहानपणचे ठसे मोठ्या बोटाला जुळत नाहीत, आणि मशीन 'नाही' म्हणालं की आजी समजते पोराचं रेशनच बंद झालं.

आता पोरीचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४६ आहे. संस्थेतनं बाहेर पडणाऱ्या मुलाला अठरानंतर 'पश्चात देखभाल' मिळते, एकवीसपर्यंत, आणि विशेष कारण असेल तर आणखी दोन वर्षं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली महिन्याला ४,००० रुपये, थेट तिच्या खात्यावर. पण हे आपोआप होत नाही. बाल कल्याण समितीचा आदेश लागतो, तो नमुना ३७ मध्ये निघतो. त्याआधी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा केस वर्करनं तिच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा समितीपुढं ठेवायचा असतो, बाहेर पडायच्या दोन महिने आधी. नोव्हेंबर धरलास तर सप्टेंबर आला. तू ऑगस्टमध्येच जिल्हा बाल संरक्षण घटकात जाऊन आराखडा कुणाकडे आहे ते विचार आणि पोच घेऊन ये. वाढदिवस उलटल्यावर गेलास तर फाईल 'निकाली' झालेली असते, आणि मग नव्यानं कुणी हात लावत नाही.

आराखड्यात काय लिहिलंय ते तिच्यासमोर वाचून घे, हे मी कळकळीनं सांगतो. बहुतेकदा 'शिवणकाम' असा एक शब्द असतो आणि पोरीला कुणी विचारलेलंच नसतं. कुठं राहणार, कुणाबरोबर, काय शिकणार, आजारी पडली तर कुणाला फोन करणार, ही चार उत्तरं त्यात हवीतच. नियमात सहा ते आठ जणांनी मिळून राहायच्या घराची सोय सांगितली आहे. तशी जागा नसली तर कामकरी महिलांचं वसतिगृह बघ. एकटीला खोली घेऊन देऊ नको, निदान पहिलं वर्ष तरी. संस्थेत घंटेवर उठलेल्या पोरीला गॅस संपला की काय करायचं, घरमालकाशी कसं बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. रविवारी दुपारी खोलीत एकटं बसणं तिला सगळ्यात जड जाईल. जेवायला आपल्या घरी बोलावत जा.

पोराचा प्रश्न निराळा. तो संस्थेत नव्हता, म्हणून पश्चात देखभाल त्याला नाही. त्याच्यासाठी प्रायोजकत्व आहे, म्हणजे घरीच वाढणाऱ्या मुलाला मिळणारी मदत, तीही महिना ४,००० रुपये, पण अठरापर्यंतच. खेड्यात घरचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत लागतं. इथं उत्पन्नाच्या दाखल्यात हमखास घोळ होतो. जमिनीचा उतारा आजी आणि चुलत्याच्या नावावर एकत्र असला की तलाठी चुलत्याचं उत्पन्नही धरतो. स्वयंपाक वेगळा, रेशनकार्ड वेगळं, हे दाखवून दे. नाडकचेरीतनं, म्हणजे दाखले देणाऱ्या महसुली कचेरीतनं, मिळणाऱ्या पावतीवर 'सकाल'चा, म्हणजे ठरल्या मुदतीत काम करून देण्याच्या कर्नाटकातल्या योजनेचा, क्रमांक असतो, ती जपून ठेव. मुदत टळली की त्याच क्रमांकावर अपील करता येतं.

जातीच्या दाखल्याची एक गोष्ट. चंदगडकडचा मामा महाराष्ट्राचा दाखला काढून देतो म्हणेल, प्रेमानंच म्हणेल, पण तो इथं चालत नाही. कर्नाटकात मराठा मागासवर्गीयांच्या ३ब गटात येतो आणि दाखला इथल्या तहसीलदाराचाच लागतो. पुढं महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला वगैरे जायचं झालं तर सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी वाट आहे. त्याला गाव वादग्रस्त भागातलं आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो.

बँकेचं विसरू नको. लहानपणचं खातं अठरानंतर नव्यानं केवायसी केल्याशिवाय नीट चालत नाही. आणि सरकारी पैसे ज्या खात्याला सगळ्यात शेवटी आधार जोडलं असेल तिथंच पडतात. मोबाईल घेताना कुणी दुसरं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे जाऊन पडतात आणि पोरगा जुनं पासबुक छापत बसतो.

भाषेचं मात्र मनावर घे. गाऱ्हाणं मराठीतनं द्यायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय, तो सोडायचा नाही. पण टेबलामागच्या माणसाला वाचता आलं तर काम त्याच दिवशी होतं, म्हणून सोबत कन्नड प्रत जोड. दोघांना अर्जातले शब्द शिकव: हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, तायि म्हणजे आई, विळास म्हणजे पत्ता, हुट्टिद दिनांक म्हणजे जन्मतारीख, आदाय म्हणजे उत्पन्न. अर्जी आणि सही तर आपलेच शब्द. आठ-दहा शब्द ओळखता आले की पोरगं एजंटाला पैसे न देता खिडकीपाशी उभं राहतं. ताठ उभं राहतं, हे तूच बघशील.

मन फारच खचलेलं वाटलं तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर दोघांच्या फोनात घालून ठेव. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहेच.

येत्या रविवारच्या आत दोघांचं आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि पासबुकाचं पहिलं पान, असे फोटो पाठव. पोरीच्या आधारवर पत्ता बालगृहाचा आहे का तेवढं आधी बघ. असेल तर ती बाहेर पडायच्या आधी कुठला पत्ता घालायचा ते ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक