व्हॅनेसाला फ्रान्सने पासपोर्ट दिला, माझ्या लेकीला दिल्लीने दोन ओळींचा ईमेल

माननीय केंद्रीय क्रीडामंत्री,
सादर नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. गेली बावीस वर्षं टोरांटोत, स्कारबरोला राहते. सोमवारी दिल्लीतल्या एका कार्यालयातून ईमेल आला: मुलीकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) आहे, भारतीय पासपोर्ट नाही, सबब तिला भारताकडून खेळता येणार नाही. तिथल्याच एका साहेबांनी वर्षापूर्वी फोनवर "कागद पाठवा ताई, काम होईल" असं सांगितलं होतं. त्या शब्दावर आम्ही वर्ष काढलं. आपण लक्ष घालावं, एवढीच विनंती करायची होती. पण लिहायला बसले आणि राग आवरेना.

लेक सतरा वर्षांची आहे, पेअर स्केटिंग करते, म्हणजे मुलगा-मुलीच्या जोडीने बर्फावरचं स्केटिंग. तिच्या जोडीदाराचा पासपोर्ट भारतीयच आहे. जोडीतला एकजण त्या देशाचा नागरिक असला तरी जागतिक स्पर्धेत उतरता येतं, दोघांचं नागरिकत्व लागतं ते ऑलिंपिकला. स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला जे चालतं, ते फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांनाच खेळू देणाऱ्या आपल्या 2008च्या धोरणाला चालत नाही.

साहेब, व्हॅनेसा जेम्सचं नाव ऐकलंय? जन्म आमच्या स्कारबरोचाच. लहानपण बर्म्युडात, मग अमेरिकेत. एकटी खेळायची तेव्हा 2006ची ब्रिटनची विजेती. जोडीत खेळायचं ठरवलं आणि फ्रान्सचा यानिक बोनर जोडीदार मिळाला. फ्रान्सने तिला नागरिकत्व दिलं आणि 2010ला दोघं व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकला उतरली. ऑलिंपिकमधली ती पहिली कृष्णवर्णीय जोडी. नंबर चौदावा आला. म्हणून फ्रान्सने तिला टाकलं नाही. पुढे मॉर्गन सिप्रेसबरोबर नवी जोडी जमली. 2014ला सोचीच्या ऑलिंपिकमध्ये दहावी, 2018ला प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्ये पाचवी, त्याच वर्षी मिलानला जागतिक कांस्य. 2019ला मिन्स्कमध्ये युरोपचं सुवर्ण! फ्रान्सच्या जोडीने ते याआधी जिंकलं होतं 1932ला, ब्रुने दांपत्याने. चौदाव्या नंबरापासून तिथवर नऊ वर्षं लागली. तुमच्या लोकांनी माझ्या लेकीचा एक कार्यक्रमसुद्धा पाहिला नाही.

तुम्हाला सांगते, या खेळात काय असतं. थ्रोमध्ये मुलगा मुलीला भिरकावतो, ती हवेत तीन गिरक्या घेते आणि एका पायावर, चार मिलिमीटरच्या पात्यावर उतरते. नाही उतरली तर बर्फ सिमेंटसारखा लागतो. गेल्या हिवाळ्यात लेकीची उजवी मांडी कमरेपासून गुडघ्यापर्यंत जांभळी झाली होती. रात्री मी हळद-तेल लावायचे, आणि पहाटे साडेचारला ती गाडीत बसलेली असायची, डबा मांडीवर, बाहेर उणे अठरा. बर्फाचं भाडं, कोच, बूट मिळून वर्षाला वीस लाख तरी जातात. तिच्या बाबांनी रात्रपाळ्या घेतल्या. आईच्या पाटल्या मोडल्या मी. तुमच्याकडे एक रुपया मागितला नाही. मागितलं ते फक्त छातीवर 'भारत' लिहायला.

आणि तिकडे काय आहे? डेहराडूनला 2011 साली आंतरराष्ट्रीय दर्जाची बर्फाची रिंक बांधली आणि नंतर वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवली. भारतातल्या मुलांना बर्फ नाही, बर्फ असलेल्या मुलांना भारत नाही. एवढं करून 2036चं ऑलिंपिक आपल्याला भरवायचंय! फॉर्म, शिक्का, "साहेब मीटिंगमध्ये आहेत"... माझ्या सासऱ्यांची पेन्शन अशीच अडली होती, त्यांच्या जाण्यानंतर सुटली. तुमची व्यवस्था माणसाचं वय मोजत नाही. स्केटरचं वय मोजावं लागतं हो, गुडघे कायम साथ देत नाहीत.

व्हॅनेसा शेवटी कॅनडाकडून खेळली. एरिक रॅडफर्डबरोबर 2022ला जागतिक कांस्य घेतलं, तेही फ्रान्सच्या माँपेलिएमध्ये. तीन देशांनी तिला आपलं म्हटलं. माझ्या पोरीने एकच मागितला.

तो मुलगा आता भारतीय पासपोर्टची दुसरी जोडीदारीण शोधतोय. मी त्याला दोष देत नाही. चौकशीला येतो तेव्हा मान खाली घालून बसतो, पोह्यांना हात लावत नाही.

ओसीआय खेळाडूंसाठी नियम बदला. निदान जिथे जोडीदार भारतीय आहे, तिथे तरी. आणि उत्तर द्याल ते मला नको, लेकीच्या नावाने पाठवा. काल तिने पाती धार लावायला द्यायची की नाही, असं विचारलं. मी अजून काही बोलले नाही.

आपली,
एक आई, स्कारबरो