ताग पेरा, बाबा

लीड्स, इंग्लंड
१२ एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांना सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "आता तिकडंही ऊन लागलं असेल." आई, आज सकाळी माझ्या वाफ्यांवर दहिवर गोठून पांढरंफेक पडलं होतं. मातीत थर्मामीटर खुपसला, तर सात अंश. तरी कालचा सगळा दिवस मी रानातच होते. त्याबद्दलच बाबांशी बोलायचं आहे. फोनवर तब्येतीची चौकशी होते, औषधांची होते आणि हे राहून जातं, म्हणून पत्र.

रान म्हणजे तरी केवढं! नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेला सव्वा गुंठा. १९०८ च्या एका कायद्याने इथल्या नगरपालिकांवर लोकांना भाजीपाल्यासाठी अशी जमीन द्यायची जबाबदारी टाकली. पूर्ण तुकडा साधारण अडीच गुंठ्यांचा असतो, मला अर्धा मिळाला. माती चिकणमाती. ओली असली की फावड्याला चिकटते, वाळली की वीट.

सप्टेंबरात मी अर्ध्या भागात राय पेरली होती. राय म्हणजे मोहरी नव्हे, गव्हाच्या जातीचं एक थंडी सोसणारं धान्य. इथे हिवाळाभर पाऊस पडतो आणि उघड्या रानातलं नत्र धुऊन नेतो. राय ते मुळांत धरून ठेवते. काल ती गुडघ्याएवढी असताना कापली, बारीक केली आणि फावड्याने वीतभर खोल गाडली. ढेकूळ उलटलं की आत केसांसारख्या मुळांचं जाळं, आणि त्या मुळांना धरून माती रवाळ झालेली. बाबा, ती माती मी किती वेळ हातात धरून बसले होते.

गेल्या वर्षी मात्र मी चूक केली. राय गाडली आणि आठवड्याच्या आत त्यावर गाजर आणि बीट टाकलं. एक दाणा उगवला नाही. बियाणं खराब म्हणून मी दुसरं आणलं, तेही गेलं. शेजारच्या तुकड्यावरच्या आजोबांनी मग सांगितलं, की राय कुजताना बारीक बियांना उगवू देत नाही, चार आठवडे थांबावं लागतं. बटाट्याला ती अडचण नाही, त्याचे डोळे आधीच फुटलेले असतात. शिवाय तुमच्याकडे श्रावणातल्या उबदार ओलीत जे दोन-तीन आठवड्यांत कुजतं, त्याला इथल्या गार मातीत किती तरी वेळ जातो. मातीतले जिवाणूच थंडीने आखडलेले असतात. या खेपेला गाजर मेच्या मध्याला टाकणार, आधी नाही.

काल गाडताना मला तुमचा ताग आठवत होता. मी सहावी-सातवीत असेन. खालच्या वावरात डोक्याएवढा ताग पिवळ्या फुलांवर आला होता आणि तुम्ही उभ्या पिकावर नांगर घातलात. मी रडले होते. एवढं छान पीक मातीत घालतात का? तुम्ही एक झाड उपटून मुळांवरच्या, हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी दाखवल्यात, नखाने एक फोडलीत. आत गुलाबी होती. "ही गुलाबी आहे तोवर ताग कामावर आहे," म्हणालात. "फुलं सरली की काडी टणक होते, मग कुजायला तीच रानाचं नत्र खाते." काल नोव्हेंबरात लावलेल्या वालासारख्या मोठ्या शेंगांचं एक रोप उपटून मी तसंच बघितलं. गुलाबीच होती.

आई, इथे मेथीचं बीसुद्धा हिरवळीच्या खताच्या, म्हणजे हिरवंच गाडायच्या पिकांच्या, पुड्यांमध्ये विकतात. मी गेल्या जूनमध्ये पेरली होती. कोवळी असताना तुझ्यासारखी लसूण घालून परतली, उरलेली गाडली. पण तिच्या मुळांना एक गाठ दिसली नाही. मेथीच्या मुळांत राहणारे जिवाणू इथल्या मातीत बहुधा नसतात म्हणे. त्यामुळे तिने पाला दिला, पण नत्र दिलं नाही.

आता मुद्द्याचं. बाबा, खालच्या वावरात एकाच लागणीच्या बुडख्यांवर उसाचे तीन खोडवे झाले. तुम्हीच म्हणालात, पाणी मुरत नाही, वर साचून राहतं, युरिया टाकला तरी ऊस पिवळा. रान आता रिकामं आहे आणि तुम्ही जुलैत दीड वर्षाची आडसाली लावायची म्हणता. माझं ऐका, या वर्षी ती लावू नका. मृगात ताग पेरा, ऑगस्टच्या सुरुवातीला फुलावर आला की गाडा, ऑक्टोबरात लागण करा. आडसालीपेक्षा टनेज थोडं कमी येईल, मला माहीत आहे. वाट बघायला तुम्हाला आवडत नाही, तेही माहीत आहे, मी तुमचीच मुलगी आहे. पण त्या मातीनेच तुम्हाला पोसलं आणि माझी फी भरली. तिला तीन महिने देऊ या.

गुडघे दुखत असताना तुम्ही नांगरामागे जायचं नाही. अण्णा रोटाव्हेटर आणतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. अर्ध्या एकराला दहा-बारा किलो बी लागेल, त्याचे आणि ट्रॅक्टरचे पैसे मी पाठवते. नाही म्हणू नका. मृगाला अजून आठ आठवडे आहेत. बी रोहिणीतच आणून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही.

आणि ताग फुलला की आईला बांधावर उभं करून एक फोटो पाठवा.

तुमची,
सुमी